रुजण्याचे दिवस

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र छापून आलं. पत्र पुण्याबद्दल होतं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. पत्रात त्याचं नाव कावसजी असं दिलं आहे. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे वर्षभर तो नाकाविना राहिला आणि मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. त्या माणसाची पत्रातली ओळख एवढीच, की तो विटा भाजणाऱ्यांच्या जातीतला होता. नाव नाही. क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती.

कृती मात्र बारकाईने लिहिलेली आहे. मेणाचा पातळ पत्रा घेऊन उरलेल्या नाकाच्या बुंध्यावर बसवायचा आणि बोटांनी दाबत त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ ओढायची आणि मेण बाजूला करायचं. रेघेच्या आतली कातडी सोडवून घ्यायची, पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मधोमध एक बारीक पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. जुन्या जखमेची कड कापून ताजी करायची, तिथे खाच पाडायची आणि कपाळावरून फिरवून खाली आणलेली कातडी त्या खाचेत बसवायची. वरून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या, एकावर एक. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं फडकं. रोग्याने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, भोकं बुजू नयेत म्हणून. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली ती पट्टी कापायची.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कात आणि तूप वाचून फार बरं वाटलं, आपल्याच घरातलं काही भेटल्यासारखं. पण मन अडकून राहिलं ते त्या पंचवीस दिवसांत. कातडी नाकाच्या जागी केव्हाच येऊन बसलेली असते, बघणाऱ्याला नाक दिसतही असतं; तरी तिला रक्त अजून कपाळाकडूनच येत असतं. पट्टी घाईने कापली तर ती काळी पडून झडून जाईल. नव्या जागेतल्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरेपर्यंत जुन्या जागेने तिला पोसत राहायचं. किती दिवस पोसायचं याचा अंदाज त्या विटा भाजणाऱ्या माणसाच्या हाताला होता. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक जोडायची रीत सांगितली आहे. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांतून ती अशी पुण्यापर्यंत पोचली असावी. ते पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने प्रेतांवर सराव केला, १८१४ मध्ये पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिथून ही विद्या युरोपभर गेली. कार्प्यूचं नाव राहिलं. पुण्याच्या त्या माणसाचं नाव कुणी विचारून ठेवलं असतं तर, असं मला दर वेळी वाटतं.

आमच्या रत्नागिरीकडच्या घरामागे आंब्याची जुनी झाडं आहेत, ती भेट कलमाची. आता कोकणात सगळीकडे कोय कलमं करतात. कोय रुजून आलेल्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधली, की पावसाळ्याच्या दमट हवेत ती जुळते. काम सोपं, खर्च कमी. भेट कलमाचा घोळ मोठा असे. रायवळ आंब्याचं कुंडीतलं रोप उचलून चांगल्या झाडाच्या फांदीपाशी न्यायचं, त्यासाठी झाडाला माच बांधायचा, रोपाची आणि फांदीची साल समोरासमोर तासून दोघांना एकमेकांना घट्ट बांधायचं. दोन-तीन महिने कुंडीला पाणी घालायला माचावर चढायचं. दोन्ही जिवंत, दोन्ही आपापल्या मुळांवर उभी, आणि मधे फक्त बांधलेली जागा. जुळलं याची खात्री झाली की आधी फांदीला अर्धी खाच, मग काही दिवसांनी पूर्ण छेद. आमचे आजोबा छेद द्यायची घाई करू देत नसत. पुण्याच्या नाकवाल्याची आणि त्यांची गाठ पडली असती तर दोघांना एकमेकांचं काम लगेच समजलं असतं.

माझ्या घरात प्रत्यारोपण आलं ते मात्र असं सवड देणारं नव्हतं.

दादाच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा तो चाळिशीच्या आत होता. आधी रक्तदाब, मग पायांवर सूज, मग डायलिसिस. आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला जोडून घ्यायचं आणि उरलेल्या दिवसांत पाणी मोजून प्यायचं. आईचा रक्तगट जुळला. तिच्या तपासण्या सुरू झाल्या त्या दिवसापासून ती एकदम हलकी झाली. इतके महिने तिला नुसतं बघत बसावं लागलं होतं.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून दाखवलं. दादाच्या जुन्या किडन्या काढणार नव्हते. सहसा काढतच नाहीत. त्या पाठीकडे जिथल्या तिथे राहतात, आक्रसत जातात. नवी किडनी त्यांच्या जागी बसवत नाहीत. ती पोटाच्या पुढच्या बाजूला, खाली, जांघेच्या थोडी वर ठेवतात. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला आणि शिरेला तिच्या रक्तवाहिन्या जोडतात, मूत्रनलिका मूत्राशयाला जोडतात. मज्जातंतू जोडत नाहीत, जोडता येत नाहीत. आईची डावी किडनी घेतली, कारण डाव्या किडनीची शीर लांब असते, जोडायला सोयीची. म्हणजे दादाच्या अंगात आता तीन किडन्या आहेत आणि त्यातली काम करणारी एक, वरून हात ठेवला तर कातडीखाली लागते. आईच्या उरलेल्या किडनीने पुढच्या काही महिन्यांत आकार वाढवून दोघींचं बरंचसं काम अंगावर घेतलं. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, शरीराने आपलं आपण केलं.

त्याआधी कायद्याप्रमाणे समितीपुढे मुलाखत होते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयवांची विक्री गुन्हा ठरवली आणि जवळचे नातेवाईक कोण ते ठरवून दिलं: नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडं त्यात आली. मुलाखतीचं चित्रीकरण होतं. आईला विचारलं, तुमच्यावर कुणी दबाव आणला का? ती म्हणाली, "दबाव कसला, मुलगा आहे माझा." पुन्हा विचारलं, यात तुम्हाला धोका काय आहे ते माहीत आहे का? तिने नीट, एकेक करून सांगितलं. मला तिचा अभिमान वाटला. आणि बाहेर बाकावर बसलेल्या इतर घरांकडे बघताना छाती दडपलीही. नवऱ्यासाठी आलेली बायको, मुलासाठी आलेली आई, भावासाठी आलेली बहीण. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. त्या बाकावर हे आकडे कुणी सांगायची गरज नव्हती. समिती प्रश्न विचारते ते योग्यच आहे. पण बाईला लहानपणापासून जे शिकवलं जातं त्याला दबाव म्हणायचं की नाही, हे कुठल्याच अर्जात लिहायला जागा नसते.

शरीराला परका अवयव नको असतो. हे आज आपण सहज म्हणतो, पण ते समजायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या माणसांवर दुसऱ्याची कातडी लावली तर ती का गळून पडते, या प्रश्नाने पीटर मेडावार या तरुण शास्त्रज्ञाला पछाडलं. ग्लासगोमध्ये थॉमस गिब्सन या सर्जनबरोबर त्याने भाजलेल्या एका बाईवर तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे लावून निरीक्षण केलं. पहिल्या खेपेचे तुकडे काही दिवस टिकले आणि गेले. दुसऱ्या खेपेचे, त्याच भावाचे, आणखी लवकर गेले. म्हणजे शरीर ओळखतं आणि ओळख लक्षात ठेवतं. १९४३ मध्ये हे छापून आलं. त्यानंतर २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी रिचर्ड हेरिक याला त्याच्या जुळ्या भावाची, रोनाल्डची किडनी बसवली आणि ती चालली. दोघं हुबेहूब जुळे आहेत याची खात्री करायला आधी एकाची कातडी दुसऱ्याला लावून बघितली होती, बोटांचे ठसेही घेतले होते. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला. शरीराला फसवायची गरजच पडली नाही, कारण त्याच्या दृष्टीने परकं काही आलंच नव्हतं.

पण जुळा भाऊ किती जणांना असतो?

डिसेंबर १९६७ मध्ये केप टाउनला ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसाला बसवलं तेव्हा सगळं जग थक्क झालं. रोगी अठरा दिवस जगला. अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच करून पाहिलं. रोगी काही तासांतच गेला. परळमधल्या त्या लोकांचं धाडस मोठं होतं. हात तयार होते, वर्षानुवर्षं प्रयोग केलेले होते. कमी होती ती शरीराची समजूत घालणाऱ्या औषधांची, आणि मेंदू मृत झाला म्हणजे माणूस गेला असं मानणाऱ्या कायद्याची. कायदा १९९४ चा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाळ यांचं हृदय प्रत्यारोपण यशस्वी झालं.

औषधं मातीतून आली. सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीतल्या बुरशीत सापडलं. दादा घेतो ते टॅक्रोलिमस, १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा गावाजवळच्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळालं. सकाळी आणि रात्री, बारा तासांच्या अंतराने, ठरल्या वेळेला. रक्तातलं प्रमाण कमी झालं तर शरीर किडनीवर धावून येतं, जास्त झालं तर तेच औषध किडनीला इजा करतं. म्हणून पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं. आमच्या घरातले सगळे समारंभ आता या वेळांभोवती ठरतात. लग्नाचा मुहूर्त गोळीच्या वेळेवर आला, तर वहिनी पर्समधून डबी काढते आणि दादा अक्षता डाव्या हातात घेऊन उजव्याने गोळी घेतो.

परसात पपनसाचं झाड आहे. गणपतीला फळं धरतात. मखरावर बांधायला आणि नंतर सोलून, मीठ-साखर लावून खायला. पपनस आणि त्याच्या जातकुळीतलं ग्रेपफ्रूट या औषधाबरोबर चालत नाही. आतड्यात औषध मोडणाऱ्या विकराला ते अडवतं आणि रक्तात औषध भलतंच वाढतं. दादाला पपनस जिवापाड आवडायचं. आता फळं मखरावरून उतरली की आई ती शेजारी वाटून टाकते. झाड तोडायचं का, असं एकदा निघालं होतं. दादाच नको म्हणाला.

आणि त्याला चिखल बंद झाला. प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम खाली ठेवलेली असते. कोकणात पावसाळ्यात लेप्टो या तापाची साथ येते, भाताच्या खाचरात अनवाणी उतरणं निरोगी माणसालाही भोवतं. त्सुकुबाच्या मातीने त्याला वाचवलं आणि स्वतःच्या शेतातल्या मातीपासून लांब ठेवलं. तो लावणीच्या दिवसांत बांधावर छत्री घेऊन उभा राहतो. ज्याने दहाव्या वर्षापासून नांगराच्या मागे चिखल केला त्याला बांधावर उभं राहायला किती जड जात असेल, ते त्याच्या उभं राहण्यातच दिसतं.

आईचं शरीर याआधी एकदा परक्याला राहू देऊन बसलेलं होतं, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. बाळ अर्धं बापाचं असतं. आईच्या शरीराच्या हिशेबाने ते अर्धं परकं. तरी नऊ महिने ते बाहेर टाकलं जात नाही. हे कसं काय, असा प्रश्न मेडावार यानेच १९५३ मध्ये मांडला होता. आणि बाळंतपणानंतरही सगळं संपत नाही. १९९६ मध्ये छापलेल्या एका संशोधनात, मुलगा होऊन २७ वर्षं झालेल्या बाईच्या रक्तात मुलग्याच्या पेशी सापडल्या होत्या. आईच्याही काही पेशी मुलांमध्ये राहून जातात. दादाची पुसटशी वस्ती आईच्या अंगात असेल, आईची त्याच्या अंगात, किडनीच्या कितीतरी आधीपासून. म्हणून किडनी सहज स्वीकारली गेली असं नाही. शरीर इतक्या भावनेने चालत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. उलट, बाळंतपणात आईच्या रक्तात नवऱ्याच्या नि मुलांच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. मग उद्या तिलाच किडनी लागली, तर नवऱ्याची किंवा मुलाची चालणं अवघड होऊन बसतं. तिने मुलं जन्माला घातली, म्हणून मुलांकडून घेण्याची तिची वाट अरुंद झाली. देणं मोकळं, घेणं अडलेलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

हृदय बसवलेल्या माणसांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. काढताना हृदयाचे मज्जातंतू तुटतात. नवं हृदय मेंदूच्या हुकमाशिवाय स्वतःच्या ठोक्याने चालत राहतं, बसल्या जागी नेहमीपेक्षा थोडं जलद. जिना चढायला लागलं की लगेच वेग घेत नाही; रक्तातून संप्रेरकं येऊन पोचली की मग हळूहळू वाढतं, आणि थांबल्यावर उतरतंही हळूहळू. या हृदयात रक्त अडलं तरी पुष्कळांना छातीत कळ येत नाही, कारण कळ सांगणारा तंतूच नाही. काहींच्या बाबतीत वर्षांनी थोडे तंतू पुन्हा वाढतात. थोडेच. उसन्या जागेत नीट चालणारं पण दुखलं तर सांगू न शकणारं, असं काही माणसांच्या जगातही मी पाहिलं आहे, आणि त्याबद्दल पुढे लिहिणार आहे. आधी भात.

रत्नागिरीत भाताची पेरणी थेट शेतात करत नाहीत. मे महिन्यात भाजावळ होते; दाढीच्या, म्हणजे रोपं तयार करायच्या, जागेवर शेण, कवळं, पाला-पाचोळा रचून जाळतात, तण मरतं आणि जमीन भुसभुशीत होते. पावसाच्या तोंडावर तिथे दाट पेरायचं. साधारण २१ ते २५ दिवसांचा तरवा, म्हणजे रोपं, झाला की तो उपटायचा, मुळांची माती पाण्यात झाडायची, मुठी बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरात आणून टाकायच्या. मग बायका ओळीने वाकून, पाठीवर इरलं नाहीतर आता प्लास्टिकचा कागद घेऊन, मागे मागे सरकत लावत जातात. एका चुडात दोन-तीन काड्या. फार खोल खुपसायच्या नाहीत; खोल गेलेल्या काडीला फुटवे कमी येतात. आई हे सांगताना हाताची बोटं चिखलात किती जायची ते पेरावर अंगठा ठेवून दाखवते.

लावणी ही कोकणातली सगळ्यात देखणी गोष्ट आहे, फोटो त्याचेच निघतात. पण लावणीनंतरचा आठवडा कुणी बघायला येत नाही. उपटताना बरीच मुळं तुटलेली असतात. रोपं पिवळी पडतात, काही आडवी होतात, शेत उदास दिसतं. पाणी जास्त झालं तर काड्या तरंगून वर येतात, कमी झालं तर चिखल तडकतो. आई त्या आठवड्यात रोज सकाळी खाचरावर जाते, बांधाची फोड बुजवते, जास्तीचं पाणी सोडते, उचकटलेल्या जागी बाजूला राखलेल्या मुठीतल्या काड्या लावते. मग एका सकाळी मधल्या पात्याला हिरवा कोंब दिसतो. "जीव धरला," एवढंच म्हणते आणि घरी येते.

मला जे सांगायचं आहे ते या आठवड्याबद्दल आहे. उचलणं आणि नेणं याचा आपल्याकडे फार गाजावाजा होतो. हृदय घेऊन जाणारी रुग्णवाहिका, तिच्यासाठी मोकळे केलेले रस्ते, पोलिसांची धावपळ; हृदयाला हातात चारेक तास असतात, तेव्हा ती धावपळ लागतेच आणि ती करणाऱ्यांना हात जोडावेत. पण पुढच्या वीस वर्षांची गोळी कुणाच्या पैशाने येणार, हे कुठल्याच बातमीत नसतं. शस्त्रक्रियेला योजना आहेत, ट्रस्ट आहेत, वर्गणी गोळा होते. महिन्याच्या औषधाची चिठ्ठी बहुतेक घरांत पदरमोड करून भागवली जाते. डायलिसिसच्या वेळेपासून ओळखीचे झालेले दोघं जण गोळ्या परवडेनात म्हणून एक दिवसाआड घ्यायला लागले. एकाची किडनी गेली. ती त्याच्या बायकोची होती.

झाडांचंही तेच. रस्ता रुंद करायचा, मेट्रोचं स्थानक बांधायचं, आड येणारी झाडं तोडणार नाही, दुसरीकडे लावू, असं कागदावर लिहून दिलं जातं. यंत्राने मुळांभोवती खणून मोठं झाड उचलतात, फांद्या छाटतात, ट्रकवर घालतात. मुंबईत मेट्रो-३ साठी उचललेल्या झाडांतली पुष्कळशी आरेमध्ये नेल्यावर वाळून गेली, आणि तो विषय उच्च न्यायालयापर्यंत पोचला. झाड नव्या जागी लागायला महिनोन् महिने पाणी लागतं, टेकू लागतो, कीड बघावी लागते. कंत्राट उचलून लावण्याचं असतं. आमच्या आजोबांच्या माचावर कंत्राटदाराला एक पावसाळा चढवायला हवं होतं.

आणि माणसं. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भीमेच्या काठची गावं त्या पाण्यात गेली. इंदापूर तालुक्यातलं पळसदेव त्यातलंच. जुन्या गावाचं पळसनाथाचं दगडी देऊळ धरणाच्या पाण्यात उभं आहे. एरवी शिखर दिसतं, दुष्काळाच्या वर्षी पाणी आटलं की सगळं देऊळ उघडं पडतं आणि लांबलांबून लोक बघायला येतात. अशाच एका उन्हाळ्यात मी गेले होते. तडकलेल्या गाळातून चालत गेलं की खांबांवर पाण्याने ठेवलेल्या रेघा दिसतात, कोरीव मूर्तींच्या खाचांत शिंपले अडकलेले असतात. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीपासून लांब एक म्हातारी नातवाला घेऊन उभी होती. ती देवळाकडे बघत नव्हती. गाळात पाऊल टाकून मोजत मोजत ती एका जागी थांबली आणि नातवाला म्हणाली, "हितं चूल व्हती." माझ्याशी बोलताना ती धरणाला नावं ठेवत नव्हती. उसाला पाणी आलं, मुलं शिकली, हे तिने आधी सांगितलं. मग म्हणाली, आमची आळी फुटली. शेजार एका गावठाणात, भावकी दुसऱ्या, आणि जिच्याबरोबर जात्यावर बसायची ती जाऊ तिसरीकडे. जमिनीला जमीन मिळाली. आळीच्या बदल्यात आळी कुणी देत नाही.

महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला, पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये तो नव्याने आणला. तोवर कोयनेचं पाणी केव्हाच भरलं होतं. कोयनेचे धरणग्रस्त अजून जमिनीच्या मोजण्यांसाठी आणि सातबाऱ्यासाठी आंदोलनं करतात. ज्यांना उठवलं त्यांची नातवंडं आता मोर्च्यात असतात. माणसं तिथून उठवून इथे आणून ठेवली, म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्या शासनाने एकदा तरी लावणीनंतरच्या आठवड्यात खाचरावर यावं. दोन-तीन पिढ्या लोटल्या तरी वीज, पाणी, स्मशान, रेशनचं दुकान यासाठी भांडावं लागत असेल, तर ती माणसं अजून रुजलेलीच नाहीत. त्यांचे तंतू तुटले ते कुणी जोडले नाहीत. त्यांना दुखतं, पण ते दुखणं मुंबईला पोचत नाही. हृदयाबद्दल जे लिहिलं ते मला इथे आठवत होतं.

सगळीकडे असंच होतं असं मात्र नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७० च्या दशकात तंजावरला गेले आणि तिथे भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरवला. राजांनी केलेलं हे सगळं दगडात आणि कागदात राहिलं. लोकांच्या गळ्यात राहिलं ते कीर्तन. मराठी कीर्तनकार तिकडे जात-येत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी ती रीत आत्मसात केली, तिच्यात कर्नाटक संगीत मिसळलं आणि तमिळ हरिकथेला आजचं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद त्या हरिकथेत जसेच्या तसे बसले, शब्द तमिळ झाले तरी चाल राहिली. पुढे सी. सरस्वती बाई या बाईने पुरुषांची ही मक्तेदारी मोडून गावोगाव हरिकथा केली. तिकडच्या भजनी मंडळींत आजही मैफलीच्या शेवटी तुकोबांचा अभंग होतो. उच्चार तमिळ वळणाचे, ताल धरणारे हात तमिळ, आणि डोळे मिटून म्हणणाऱ्याला मराठी येतच असेल असं नाही. राज्य गेल्यावर कीर्तनाला दरबाराचा आधार उरला नव्हता. तोवर तिकडच्या मातीने त्याला आपलंसं करून घेतलं होतं. त्याला दीड-दोनशे वर्षं मिळाली, आणि ती सगळी माणसांनी रोज दिलेली होती.

किडनीला तेवढी मिळत नाहीत. जिवंत दात्याची किडनी पंधरा-वीस वर्षं चालते, काहींची त्याहून जास्त, काहींची फार आधी दमते. दादाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी दमली की रक्तात वाढणारा घटक, गेल्या काही तपासण्यांत थोडं वर सरकलंय. डॉक्टर म्हणतात, काळजी करण्यासारखं नाही, लक्ष ठेवू. आईला आम्ही सांगितलेलं नाही. तिला न सांगता कळलं असेल. माझा रक्तगट दादाशी जुळतो. मी नवऱ्याशी बोलले आहे, मुलीशी बोलले आहे. दादाशी बोलायला गेले की तो उठून शेताकडे जातो. यंदाच्या दिवाळीत वहिनीला बरोबर घेऊन त्याला बसवायचं ठरवलं आहे. मुलाखतीत मला विचारतील, कुणाचा दबाव आहे का. काय सांगायचं, याचा मी अजून विचार करते आहे.